काब-द-रामच्या कड्यावरून समुद्री गरुड बघायला जाताना

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या बाईला लोकांनी नंबर विचारावा, फ्रेमचा भाव विचारावा. मला डिसेंबर लागला की वेगळंच विचारतात: "वहिनी, तो गरुड नेमका कुठे दिसतो हो?" चूक माझीच. फोंड्यातल्या दुकानात काउंटरच्या मागे मी समुद्री गरुडाचा एक मोठा फोटो लावलाय, पंख पसरलेला, चोच उघडी. त्या फोटोची गोष्ट पुढे येईलच. दर गिऱ्हाइकाला तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदा बैजवार लिहून टाकते.

कड्याला चिकटून हजारो पक्षी घरटी करून बसलेत, कलकलाट चाललाय, असं परदेशातल्या व्हिडिओत बघून कोणी निघणार असेल तर आधीच सांगते, गोव्यात तसं काही नाही. थंडीत मोरजीच्या वाळूवर कुरव आणि सुरय थव्याने बसलेले दिसतात, पण ते पाहुणे. कुरवांची अंडी-पिल्लं उत्तरेकडच्या थंड मुलखात. समुद्रपक्ष्यांची खरी वसाहत जवळपास म्हणाल तर ती गोव्याच्या उत्तर हद्दीवरच्या तेरेखोलच्या पलीकडे, वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवर. तिथे सुरय वीण करतात आणि गुहांमध्ये भारतीय पाकोळ्या लाळेची घरटी चिकटवतात. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली १९४० च्या सुमारास तिथे जाऊन नोंदी करून आले होते. पुढे ती घरटी सूप करणाऱ्यांना विकायला चोरली जायची, इतक्या थराला ते प्रकरण गेलं. विणीच्या दिवसांत होडी करून त्या खडकांवर उतरायच्या फंदात पडू नका. माणूस उतरला की सगळा थवा उठतो आणि अंडी उन्हात उघडी पडतात.

आपल्या वाट्याला गोव्यात आहे तो पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. त्याची वसाहत नसते. एका टापूत एक जोडी, तिचं एक घरटं, आणि ते बघायला तुमच्याकडे निवांत अर्धा दिवस. बस्स.

दुसरी गोष्ट, 'अभयारण्याचं तिकीट कुठे काढायचं' हा प्रश्न. चोडण बेटावर डॉ. सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, पण ते कांदळवनाचं. समुद्रकड्यांसाठी राखलेलं असं अभयारण्य गोव्यात नाही. म्हणजे कड्यावर फाटक नाही, रखवालदार नाही, 'इथून पुढे जाऊ नये' अशी पाटी नाही. कुठे थांबायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि सगळी भानगड तिथेच होते.

कधी जायचं ते आधी सांगते. पाऊस संपला की ऑक्टोबरात जोडी आकाशात खेळायला लागते, जुन्या घरट्यावर नव्या काड्या रचते. ही घरटी वर्षानुवर्षं तीच वापरली जातात, त्यामुळे काही तर खाटेएवढी होतात. मग अंडी, बहुतेक दोन. सहा आठवडे उबवणं, आणि त्यापुढे पिल्लू उडेपर्यंत साधारण अडीच महिने. दोन अंड्यांतून बहुधा एकच पिल्लू मोठं होतं. नवख्याने जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य धरावा. पिल्लू जरा मोठं झालेलं असतं, दोघंही आईबाप मासे आणत असतात, आणि तुमच्या असण्याने होणारं नुकसान त्यातल्या त्यात कमी. अंड्यांच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, घरट्याच्या बाजूला मी आता फिरकत नाही. कड्यावरून उडताना बघते आणि परत येते.

जागा काब-द-राम. काणकोणातल्या खोल गावचा हा किल्ला. वनवासात राम-सीता इथे राहिले अशी आख्यायिका, म्हणून हे नाव. १७६३ मध्ये पोर्तुगिजांनी तो सोंद्याच्या राजाकडून घेतला, नंतर १९५५ पर्यंत तिथे तुरुंग होता. आत सांत आंतोनीचं पांढरं कपेल, म्हणजे छोटं चर्च, आहे. इतिहास एवढा पुरे, आपल्याला तटाबाहेरचा सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा माळ, आणि कडा हवा. फोंड्याहून आम्ही पहाटे पाचला निघतो: बोरीचा पूल, मडगाव, चिंचोणे, असोळणे, बेतूल, आणि मग चढ. असोळण्यात पोदेराचा भोंपू वाजायची वेळ होते. गरम पाव तिथेच घ्या. आणि बायकांनो, स्पष्टच सांगते, सड्यावर आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही, तेव्हा मडगावातच आटपून घ्या. हे कोणी लिहीत नाही आणि मग 'आमच्या हिला पक्ष्यांची आवड नाही' म्हणतात.

इतक्या पहाटे का, तर उजेडासाठी. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीमागे असतो, समोरच्या पक्ष्यावर सरळ पडतो, आणि पांढरं पोट धुतल्यासारखं दिसतं. संध्याकाळी त्याच कड्यावर उभे राहाल तर सगळे पक्षी काळे. घार कुठली, गरुड कुठला, कावळा कुठला, काही कळायचं नाही. संध्याकाळी तिथे सूर्यास्ताला आलेल्यांचे मोबाईल बघायला मिळतात.

साडेसहा-पावणेसातला पोचलात की नऊपर्यंतचा वेळ घरट्याकडच्या हालचालींचा. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जात असतात, कड्यापाशी हवा पडलेली असते, गरुड झाडावर बसून असतो किंवा पंख मारत कष्टाने उडतो. मग सडा तापतो, दहा-साडेदहाला खारे वारे सुरू होतात. ते वारे कड्यावर आदळून वर चढतात, आणि त्या चढत्या वाऱ्यावर गरुड पंख न हलवता कड्याच्या काठाकाठाने ये-जा करतो. कित्येकदा तुमच्या डोळ्यांच्या पातळीत, कधी खालून. गरुडाची पाठ वरून बघायला मिळणं ही कड्याचीच मिजास. लोक नऊ वाजता 'काही दिसलं नाही' म्हणून निघतात आणि नेमका हा खेळ चुकवतात. साडेअकरापर्यंत थांबा. मात्र सावली नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी, आणि टोपीला बंद हवा. माझी एक टोपी अरबी समुद्रात आहे.

काठाबद्दल. वरून जांभ्याची काळी, टणक पाटी दिसते, चिऱ्याची खाण असावी तशी. ती फसवी आहे. वरचा थर कडक, त्याखाली मऊ माती, आणि सगळ्यात खाली लाटा पाया खात असतात. त्यामुळे काठ पुष्कळ ठिकाणी छज्जासारखा पुढे आलेला असतो, खाली काही नसतं, आणि हे वर उभ्या माणसाला कळत नाही. पहिल्याच वर्षी तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला हटकलं होतं, "थंय वचूं नाका गो, पडटलीं." तेव्हापासून आमचा नियम: काठापासून चार पावलं मागे, आणि उभं राहायचं नाही, बसायचं. बसलेला माणूस पक्ष्याला कमी खुपतो हा वरचा फायदा. पांढरा शर्ट नको, भडक साडी नको. आत्या मातकट रंगाची सुती साडी नेसून येते, वर माझ्या नवऱ्याचं जुनं जाकीट.

आत्या म्हणजे माझी आत्या, वय ६८. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून तिला माझ्यापेक्षा लांबचं दिसतं, आणि ती ते मला विसरू देत नाही.

आता दुर्बीण. इथे माझा धंदा आहे तेव्हा जरा लांबण लागेल. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. समुद्रावर ८×४२ पुरे. १० पटीची घेऊन मिरवणारे वाऱ्यात हात थरथरला की हैराण होतात, कारण थरथरसुद्धा दहा पट होते. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचं उजेडाचं गोल वर्तुळ डोळ्यात येतं, पहाटेच्या मंद उजेडाला भरपूर झालं.

आणलेली दुर्बीण दहातले नऊ जण डोळ्याला लावून घेतच नाहीत. आपल्या दोन डोळ्यांचा नंबर क्वचितच सारखा असतो. पद्धत अशी: लांबची ठसठशीत वस्तू धरा, कपेलाचा क्रूस चालेल. उजवा डोळा मिटा, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला क्रूस स्वच्छ करा. मग डावा मिटा, आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या नळीवरची रिंग फिरवून उजव्याला स्वच्छ करा. रिंगचा आकडा लक्षात ठेवा, किंवा नेलपॉलिशचा ठिपका द्या. त्यानंतर दिवसभर फक्त मधलं चाक. चष्मेवाल्यांनी चष्मा काढायचा नाही. डोळ्याकडचे रबरी कप खाली करायचे म्हणजे पूर्ण वर्तुळ दिसतं, अर्धचंद्र नाही. विकत घेताना चष्मा लावूनच बघा.

आणि खारट वारा. तासाभरात भिंगावर पांढुरका थर चढतो. तो मिठाचा आहे, बारीक खडे आहेत त्यात. पदराने किंवा रुमालाने खसकन पुसलं की भिंगाच्या लेपावर चरे पडलेच. आधी फुंकर, मग चष्म्याची भिंगं पुसायचं पाणी दोन थेंब, मग मऊ कापड, तेही दाबायचं नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दुर्बिणींचं दुखणं बहुतेक वेळा हेच. सूर्याकडे दुर्बीण चुकूनही नको, संध्याकाळी तर अजिबात नको. बुबुळामागचा पडदा जळला तर माझ्याच काय, कोणाच्याच दुकानात इलाज नाही.

शोधायचं कसं? दुर्बिणीने आकाश विंचरत बसू नका, मान तेवढी अवघडते. नुसत्या डोळ्यांनी आधी कावळ्यांकडे बघा. गरुड जवळ आला की डोमकावळे मागे लागतात, दोन-चार काळे ठिपके एका मोठ्या ठिपक्याला टोचताना दिसले की दुर्बीण उचला. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, उलटं नाही. जोडीदाराला दाखवायचं तर 'तो बघ, तो बघ' म्हणू नये. 'दोन खडकांच्या फटीच्या वर, क्षितिजाच्या खाली, डावीकडे चाललाय' असं सांगावं. आत्या यात पक्की. ती आमच्या गावच्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, वाढलेली बाई, पाण्यावरची जागा शब्दांनी दाखवणं तिला येतं.

सर्वांत जास्त घोटाळा ब्राह्मणी घारीशी होतो. तिचंही डोकं पांढरं. पण तिचं अंग विटकरी-तांबूस, आणि आकार आपल्या घारीएवढाच. गरुड म्हणजे वेगळंच प्रकरण. पंखांचा पसारा सहा-सात फूट, डोकं-छाती-पोट चुन्यासारखं पांढरं, पाठ राखाडी, पंखांची मागची किनार काळी. शेपूट आखूड, पाचरीसारखी. तरंगताना पंख वर उचलून रुंद 'व्ही' करतो, ती खूण लांबून सगळ्यात उपयोगी. तरुण पक्षी तीन-चार वर्षं तपकिरीच असतात, तेव्हा 'हा कुठला गरुड' म्हणून गोंधळू नका, 'व्ही' बघा. आवाज गरुडाला न शोभणारा, बदकासारखा नाकातला, 'कँक, कँक'. आत्या पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "एवढा मोठा देह आणि आवाज बघ गो, फुटक्या पिपाणीचा."

आता घरटं. कड्याचं नाव मी लिहिलं, झाडाचं लिहिणार नाही, आणि तुम्हाला सापडलं तर तुम्हीही लिहू नका. साधारण कल्पना देते: कड्यामागच्या उतारावर उंच झाड असतं, आंबा, सुरू, कधी ऐन, आणि त्याच्या शेंड्याकडे काड्यांचा ढीग. माझं अंतर तीनशे मीटर, म्हणजे फुटबॉलची तीन मैदानं लांबीने लावा. मधे घळ असेल तर उत्तम. फक्त मीटर मोजून भागत नाही, पक्ष्याकडे बघावं लागतं. बसलेली मादी मान ताणून तुमच्याकडे टक लावते, ही पहिली सूचना, हलू नका. 'कँक कँक' सुरू झालं तर मागे फिरा. उठून तुमच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर तुम्ही केव्हाच चुकलेला आहात.

आम्ही चुकलो होतो. आठ वर्षांपूर्वी, डिसेंबरचा दुसरा आठवडा. भाचा नवीन कॅमेरा घेऊन आलेला. काजूच्या झाडांतून वाट काढत आम्ही थेट बुंध्याखाली गेलो. खाली पालापाचोळ्यात सापाच्या कण्याचे मणके पडलेले, समुद्री सापाचे, जपमाळेसारखे ओळीत. हे गरुड ते आवडीने खातात. मी ते उचलून बघत होते. मादी उठली, आमच्यावर फिरायला लागली, ओरडायला लागली. आम्हाला वाटलं, काय नशीब! भाचा फोटो काढत सुटला. पंचवीसेक मिनिटं गेली असतील. मी सहज दुर्बीण घरट्याकडे नेली तर काठावर दोन डोमकावळे. एकाने मान वर केली आणि त्याची चोच ओली चमकत होती, खालच्या पिसांना पिवळं लागलं होतं. मला समजायला वेळ लागला नाही. भाच्याला मी काही बोललेच नाही, हात धरून खाली आणलं. त्या वर्षी पिल्लू झालं नाही.

दुकानातला फोटो त्या दिवसाचा आहे. लोक म्हणतात, "काय पोज दिलीय हो!"

तेव्हा ड्रोन, टाळ्या वाजवून उठवणं, मोबाईलवर आवाज लावून बोलावणं, यातलं काही करणारा सोबती असेल तर त्याला पाळोळेच्या किनाऱ्यावर सोडून या. हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे घरट्याला धक्का लावणं गुन्हा आहे. आणि एक बारीक गोष्ट: उरलेला पाव, भजी, माशाचे काटे सड्यावर टाकू नका. त्यावर कावळे आणि कुत्री जमतात, आणि कावळे जमले की पुढे काय होतं ते वर सांगितलंच.

तीनशे मीटरवरून काय दिसतं? बराच वेळ काहीच नाही. काड्यांच्या कडेवर एक पांढरा ठिपका. मग नर येतो, पायात मासा आडवा नाही, उभा, डोकं पुढे. मादी चोचीने बारीक फाडून पिल्लाला भरवते, आणि मोठ्या चोचीतून तो एवढासा तुकडा देतानाची तिची तिरकी मान दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. मधेच हिरवा पाला आणून घरट्यात घालतात. पिल्लू मोठं झालं की काठावर उभं राहून वाऱ्यात पंख नुसते उघडून धरतं, उडत नाही, धरूनच ठेवतं. आम्ही एकदा हे सव्वा तास बघितलं.

वाट बघताना बाकीचं फुकट मिळतं. ओहोटीला खालच्या खडकांवर समुद्र बगळा, काळपट राखाडी, दगड समजून दुर्लक्ष होतं. थंडीत तटावर निळा शैलकस्तूर, कधी बहिरी ससाणा. कड्याच्या फटींत भिंगऱ्या मातीच्या वाटीसारखी घरटी करतात, पारवे तर असतातच.

पावसाळ्यात कड्यावर जाऊच नका, शेवाळाने पाय टिकत नाही. पण जून ते ऑगस्टमध्ये मोठं वादळ होऊन गेलं की खोल समुद्रातले पक्षी थकून किनाऱ्याला लागतात. असा एखादा वाळूवर बसलेला सापडला तर त्याला परत पाण्यात टाकू नका, लोक हेच करतात आणि तो बुडतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत जुना टॉवेल, अंगावर कापड टाकून त्याला उचलून ठेवा, अंधार आणि शांतता द्या, तोंडात पाणी ओतू नका, आणि वनखात्याला फोन करा. चोचीपासून स्वतःचे डोळे जपा, हे चष्मेवालीचं सांगणं.

वहीत तारीख, वेळ, वारा कुठून, काय आणलं, एवढं लिहा. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकायची तर ठिकाण म्हणून किल्ला द्या, घरट्याची जागा नको.

परतताना खोल गावाच्या नावाची सुकी 'खोल मिरची' मिळाली तर घ्या, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, रंग सुरेख येतो. गेल्या फेब्रुवारीत आत्या बरोबर याच मिरचीवरून माझ्याशी हुज्जत घालत होती, पावकिलो की अर्धा. अकरा वाजून गेलेले, सामान पिशवीत भरलेलं, आणि तो कड्याच्या काठाने आला, आमच्यापेक्षा वावभर खाली. राखाडी पाठ, पंखांवर ऊन, पायात लोंबणारा साप, अजून वळवळत होता. दुर्बिणी पिशवीत. आत्याने माझं मनगट धरून ठेवलं, तो बेतूलच्या दिशेला दिसेनासा होईपर्यंत.

"अर्धा किलो घे," ती म्हणाली.